इतकी शून्यं कशी? मेनच्या चिखलातले पाच दिवस

मी स्टॅटिस्टिक्सवाला माणूस. समुद्राशी माझा संबंध एवढाच की गेली दोन वर्षं अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या एका मरीन सायंटिस्ट बाईंचा डेटा माझ्याकडे येतो, शिंपल्यांचा, म्हणजे इथे ज्याला सॉफ्टशेल क्लॅम म्हणतात, शास्त्रीय नाव माया अरेनारिया, त्याचा. त्यांना सगळे नावानं हाक मारतात, माझ्या तोंडी काही ते येत नाही, म्हणून इथे बाईच म्हणतो. तर सप्टेंबरमध्ये मी बाईंना एक मेल टाकली की या शीटमध्ये इतकी शून्यं कशी, डेटा एंट्रीत काही घोळ झालाय का. उत्तर एका ओळीचं आलं. ऑक्टोबरात पौर्णिमेला चल, स्वतः मोज.

गेलो. बूट त्यांनीच दिले, मांडीपर्यंत येणारे, माझ्या मापापेक्षा एक नंबर मोठे. त्याचं पुढे काय झालं ते येईलच.

दिवस पहिला

पोर्टलंडहून सकाळी निघालो, रूट १ धरून किनाऱ्याकिनाऱ्यानं पूर्वेकडे. इथले लोक या भागाला डाऊनईस्ट म्हणतात आणि नकाशात बघितलं तर आपण वर चाललेलो असतो, हे मला शेवटपर्यंत पचलं नाही.

मधे डॅमरिस्कोटाला थांबलो. तिथं नदीकाठी कालवांच्या टरफलांचा ढीग आहे, ढीग म्हणजे टेकडीच, मूळच्या लोकांनी हजार वर्षांहून जास्त काळ कालवं खाऊन टाकलेली टरफलं. आपण ज्या काठावर उभे राहतो तिथला ढीग व्हेलबॅक, त्यातला बराचसा १८८०च्या दशकात खणून कोंबड्यांच्या खाद्यासाठी दळून टाकला, आता उरलाय तो तुकडा. पलीकडच्या काठावरचा ढीग मात्र अजून पांढराशुभ्र दिसतो.

बाई म्हणाल्या, याच नदीत २०१०मध्ये एमएसएक्स नावाच्या रोगानं शेतीतली कालवं मेली. नावातला एक्स म्हणजे खरोखरच एक्स, माहीत नाही या अर्थाचा. १९५७मध्ये डेलावेअरच्या उपसागरात कालवं पटापट मरायला लागली, सूक्ष्मदर्शकाखाली अनेक केंद्रकं असलेले गोळे दिसले, काय आहेत कळेना, म्हणून मल्टिन्यूक्लिएट स्फिअर एक्स. पुढे त्या परजीवीला हॅप्लोस्पोरिडियम नेल्सोनी असं रीतसर नाव मिळालं पण बोलताना एक्सच राहिला. आणि गंमत म्हणजे आजही तो एका कालवातून दुसऱ्यात थेट जाताना कोणी दाखवू शकलेलं नाही, मधे कोणीतरी तिसरा प्राणी असावा असा संशय आहे, तो सापडत नाही. मी म्हटलं इतक्या वर्षांत नाही सापडला? बाई म्हणाल्या, समुद्राच्या तळाशी राहणाऱ्यांची यादी केलीस तर कळेल का नाही सापडला.

मचायसला पोचेपर्यंत अंधार. वाटेत ब्लूबेरीची माळरानं लालभडक झालेली, ती मात्र मावळतीच्या उजेडात बघायला मिळाली. बाकी दिवस गाडीतच गेला.

दिवस दुसरा

पौर्णिमा म्हणजे उधाण, आणि या किनाऱ्यावर उधाणाची ओहोटी पहाटे साडेपाच-सहाच्या सुमाराला आणि मग संध्याकाळी तेव्हाच येते. म्हणजे ऑक्टोबरात दोन्ही वेळा जवळपास अंधार. सव्वाचारला उठून हेडलॅम्प लावून चिखलात. कोजागिरीची रात्र कोणी अशी काढली असेल असं वाटलं नव्हतं, पण को जागर्ति विचारत लक्ष्मी इकडे आली असती तर तिला बरेच जण जागे सापडले असते, लांबवर पाचसहा दिवे हलत होते, क्लॅम खणणारे.

हा चिखल लांबून सपाट दिसतो. जवळून बघितला तर भोकंच भोकं, आणि आपण पाऊल टाकलं की बाजूच्या भोकातून पाण्याची पिचकारी उडते. खाली क्लॅम असतो, त्याची मान, सायफन, वर आलेली असते, आपल्या पायाच्या दाबानं तो ती आत ओढतो आणि पाणी वर फेकतो. मोठे क्लॅम वीतभर खोल असतात. कवच इतकं पातळ की खणताना काटा लागला तर कुडुम, आणि ते पूर्ण मिटतही नाही, मान बाहेर काढायला फट राहतेच. म्हणजे संरक्षण असं काही नाहीच, जे आहे ते खोलीचं.

आणि पिल्लू खोल जाऊ शकत नाही. सगळी गोष्ट इथूनच सुरू होते.

बाईंनी वसंतात इथे लाकडी पेट्या लावून ठेवल्या होत्या. एक फूट बाय दोन फूट, वर आणि खाली जाळी, आत काही नाही, रिकाम्या. मेनच्याच विद्यापीठातल्या ब्रायन बील यांची ही कल्पना, इकडे लोक त्याला बील बॉक्सच म्हणतात. भरतीबरोबर गाळ आत येऊन बसतो, त्याच्याबरोबर क्लॅमची दोनतीन आठवडे पाण्यात तरंगून दमलेली सूक्ष्म पिल्लंही, आणि मग जाळीमुळे बाहेरच्यांना आत येता येत नाही. प्रत्येक पेटीच्या शेजारी उघड्या चिखलाचा एक नमुना घ्यायचा, डब्यासारखा गोल कोअर दाबून. पेटी आणि चिखल यात अंतर हातभर.

पहिला कोअर मी चाळणीत ओतला, धुतला, गाळ गेला, खाली राहिले दोन बारके शंखाचे तुकडे आणि एक किडा. क्लॅम नाही. शीटवर लिहिलं ०. दुसरा, ०. तिसरा, ०. बाई शेजारी पेटी उघडत होत्या, त्यांनी हाक मारली, तू धू ही. जाळी काढली, गाळ चाळणीत घेतला, बादलीनं पाणी ओतलं आणि पाणी जसजसं खाली गेलं तसतसा चाळणीचा तळ दिसेनासा होत गेला कारण वर क्लॅमच क्लॅम, मसुरीच्या डाळीपासून नखापर्यंत, हेडलॅम्पच्या उजेडात ओले चकाकणारे, एकमेकांना घासून बारीक खळखळ आवाज करणारे. मी मोजायला लागलो आणि शंभराच्या पुढे दोनदा चुकलो.

हातभर अंतर. तेच पाणी, तीच पिल्लं, तोच गाळ. एकीकडे चाळणी भरून आणि एकीकडे शून्य.

म्हणजे शीटमधली शून्यं बरोबर होती. क्लॅम येत नाहीत असं नाही, येतात आणि खाल्ले जातात. खाणारा मुख्य म्हणजे हिरवा खेकडा, युरोपातून जहाजांबरोबर आलेला, अमेरिकेच्या किनाऱ्यावर १८१७पासून नोंद आहे. थंडी कडक असली की त्याची संख्या दबते. मेनच्या आखाताचं पाणी अलीकडे भराभर तापतंय, २०१२चं वर्ष तर फारच गरम गेलं, आणि त्यानंतर हे खेकडे असे वाढले की खणणाऱ्यांनी टोपल्या उपड्या घातल्या.

एका पेटीत मात्र क्लॅम जवळपास नव्हतेच, एक लठ्ठ हिरवा खेकडा होता. तोही पिल्लू असताना जाळीतून आत आला, आत बसून खात राहिला, एवढा मोठा झाला की बाहेर पडता येईना. कुंपणानं शेत खाणं म्हणतात ते असं.

परत येताना मी मऊ जागेत पाय दिला. इथे त्याला हनीपॉट म्हणतात, नाव गोड आहे. डावा पाय गुडघ्याच्या वर आत, आणि जितकं ओढावं तितका बूट तिथेच आणि पाय बुटातून वर. बाई लांबून ओरडल्या, बोटं नको, टाच आधी उचल! तसं केलं, हवा आत गेली, फस्स आवाज आला आणि सुटलो. एक नंबर मोठा बूट मागेच राहिला, तो कोपरापर्यंत हात घालून काढला. या सगळ्याला एक खणणारे आजोबा साक्षी होते. कंबरेत दुमडून, छोट्या दांड्याच्या काट्यानं चिखलाची ढेप पालथी करत होते, थांबून म्हणाले, काय मोजताय? मी म्हटलं, शून्यं. ते म्हणाले, ती आम्हीही मोजतो.

दिवस तिसरा

हा दिवस माझा सगळ्यात आवडता. आज मेलेल्यांची चौकशी.

बाईंनी गेल्या वर्षी हॅचरीत वाढवलेले छोटे क्लॅम इथे पेरले होते. (हॅचरी ग्रेट वॉस बेटावर, जोन्सपोर्टच्या पुलापलीकडे, दुपारी तीही बघितली, हिरव्या-तपकिरी शेवाळाच्या पाण्याच्या रांगाच्या रांगा, बार्लीच्या पाण्यासारखा वास.) पेरलेला क्लॅम ओळखायचा कसा? हॅचरीतून चिखलात टाकलं की त्याच्या वाढीला धक्का बसतो आणि कवचावर एक गडद रेघ उमटते. रेघेच्या आतलं माप म्हणजे टाकला तेव्हाचा आकार, कडेपर्यंतचं माप म्हणजे आजचा. कोणावर नंबर चिकटवायला नको, त्यांनीच लिहून ठेवलेलं. कॅलिपर लावून दोनदोन मापं घेत बसलो, तंद्री लागते.

पण जे मेले त्यांची टरफलं जास्त बोलतात. बाईंनी एका ट्रेमध्ये मांडून दाखवली. कडा कुरतडलेल्या, तुकडे तुकडे, हे खेकड्याचं काम. सांध्याजवळ एक गोल भोक, वरून रुंद आणि आत निमुळतं, जसं सुतारानं स्क्रूचं डोकं बसवायला पाडावं, ते मून स्नेल या गोगलगाईचं. ती वर बसून आम्लानं आणि दातांनी हळूहळू पोखरते. भोकावरून बोट फिरवलं, इतकं सफाईदार की मला क्षणभर त्या गोगलगाईबद्दल आदरच वाटला.

आणि तिसरी जात. दोन्ही शिंपा शाबूत, सांधा शाबूत, ओरखडा नाही, आत काही नाही. याला शिंपल्यांच्या अभ्यासात बॉक्स म्हणतात. आता आमच्याकडे लाकडी बॉक्सही होते आणि मेलेले बॉक्सही, त्यामुळे दिवसभर संवाद असे की बॉक्समध्ये किती बॉक्स. मी शेवटी माझ्या वहीत लाकडी त्या पेट्या आणि मेलेले ते डब्या असं करून टाकलं.

डबी कोणाचं नाव सांगत नाही. रिबन वर्म नावाचा एक लांब, चपटा, दुधी रंगाचा किडा असतो, तो चिखलातून खालून येतो, जाळीबिळी त्याला काही नाही, आतला क्लॅम शोषून घेतो आणि डबी सोडून जातो. पण क्लॅम गाळात गुदमरून मेला तरी डबीच राहते. आणि रोगानं मेला तरीही डबीच. म्हणजे खेकडा आणि गोगलगाय सही करून जातात, बाकीचे नाही. मी विचारलं, मग शीटमधल्या कारणाच्या कॉलममध्ये काय लिहायचं? बाई म्हणाल्या, डबी. बास, तेवढंच माहीत आहे.

माझ्या धंद्यात रिकामा सेल आणि शून्य यात जमीनअस्मानाचा फरक असतो, रिकामा म्हणजे मोजलंच नाही, शून्य म्हणजे मोजलं आणि नव्हतं. लोक हे सर्रास गोंधळतात आणि मी सर्रास चिडतो. आज पहिल्यांदा असा कॉलम बघितला जिथे मोजूनही सेल रिकामा राहतो आणि त्यात कोणाची चूक नाही.

दिवस चौथा

लुबेकला मुक्काम. अमेरिकेच्या मुख्य भूमीचं सगळ्यात पूर्वेचं टोक, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह आहे ते, पूल ओलांडला की कॅनडा. इथल्या कॉब्सकुक उपसागरात भरती-ओहोटीतला फरक अठरा-वीस फुटांचा, पोर्टलंडच्या दुप्पट. जेट्टीवर उभं राहिलं की नावा सकाळी पायाखाली आणि दुपारी नाकासमोर.

आज ओहोटी सात वाजता, म्हणून मी पाचचा अलार्म लावला. वाजला, उठलो, आवरलं, बाईंचं दार वाजवलं. त्या डोळे चोळत बाहेर आल्या, मनगटावरचं जुनं घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, चार वाजलेत. माझ्या फोननं रात्री कधीतरी पलीकडच्या कॅनडाचा टॉवर पकडला होता आणि तिथली वेळ एक तासानं पुढे. हे इथे सगळ्यांचं होतं म्हणे, म्हणून त्या फील्डला येताना ते घड्याळ घालतात. मला आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं मी म्हटलं नाही. गाडीत बसून पाणी उतरायची वाट बघितली. अंधारात पाणी उतरताना आवाज येतो, कोणीतरी सावकाश कागद फाडतंय असा.

आजचं काम वेगळं. मोजायचं नाही, साठ जिवंत क्लॅम न्यायचे, रोगाच्या तपासणीसाठी. दोन इंचाखालचा क्लॅम इथे उचलायला कायद्यानं बंदी, त्यामुळे बाईंकडे राज्याच्या सागरी खात्याचा खास परवाना, तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात.

साठच का? हे मला विचारायची गरज नव्हती, हे माझं अंगण. समजा शंभरातले पाच क्लॅम आजारी आहेत. मग उचललेला एक निरोगी निघायची शक्यता ०.९५. साठच्या साठ निरोगी निघायची शक्यता ०.९५चा साठावा घात, साधारण ०.०४६. म्हणजे साठात एकही सापडला नाही तर पंचाण्णव टक्के खात्रीनं म्हणता येतं की रोग पाच टक्क्यांहून कमी आहे. नाहीच आहे असं मात्र कधीच म्हणता येत नाही. मी हे चिखलात उभं राहून हातवारे करत सांगितलं, बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, बरोबर, आता खण.

खणताना कंबर गेली. त्या आजोबांचं वय काय असेल याचा विचार करत होतो.

दिवस पाचवा

लॅब. हीटर, खुर्ची, कोरडे मोजे. यापुढे लॅबवाल्यांना कोणी काही बोललं तर मी त्यांच्या बाजूनं भांडणार.

क्लॅमना १ ते ६० नंबर दिले. बाई बारीक सुई शिंपांच्या फटीतून आत घालतात, स्नायूजवळून रक्ताचे काही थेंब घेतात. क्लॅमचं रक्त लाल नसतं, जवळपास पाणीच. एकेक थेंब प्लेटच्या एकेका खळग्यात आणि मग तासभर थांबायचं. निरोगी रक्तपेशी तळाला चिकटतात आणि हातपाय पसरतात, अमीबासारख्या, तळणीत सोडलेल्या धिरड्यासारख्या कडा वेड्यावाकड्या. कॅन्सर झालेल्या पेशी चिकटत नाहीत. गोल राहतात, मोत्यासारख्या गोल, प्लेट हलवली की हलतात. आजार फार वाढला की रक्त पाण्याऐवजी दुधट येतं.

हो, कॅन्सर. क्लॅमना रक्ताच्या कॅन्सरसारखा रोग होतो हे १९७०च्या दशकापासून माहीत होतं, प्रदूषणामुळे असेल, व्हायरस असेल, असं लोक म्हणत होते. २०१५मध्ये मायकेल मेट्झगर आणि स्टीफन गॉफ यांच्या गटानं न्यूयॉर्क, मेन आणि कॅनडातलं प्रिन्स एडवर्ड बेट इथल्या आजारी क्लॅमच्या कॅन्सरपेशींचा डीएनए बघितला. एखाद्याला कॅन्सर होतो तेव्हा त्या पेशी त्याच्या स्वतःच्याच असतात ना, डीएनए त्याचाच. इथे तसं नव्हतं. शेकडो मैलांवरच्या क्लॅममधल्या कॅन्सरपेशी एकमेकींशी जुळत होत्या आणि ज्याच्या अंगात होत्या त्याच्याशी जुळत नव्हत्या. म्हणजे कधीतरी एका क्लॅमला कॅन्सर झाला, तो क्लॅम मेला, पेशी पाण्यात सुटल्या, दुसऱ्यानं पाणी गाळताना त्या आत घेतल्या, आणि असंच चालू राहिलं. २०२३मध्ये आलेल्या अभ्यासाप्रमाणे ही पेशींची वंशावळ दोनशे वर्षांहून जुनी आहे. क्लॅमची अंगं बदलत जातात, आजार एकच. असला संसर्गजन्य कॅन्सर कुत्र्यांत आहे, टास्मानियन डेव्हिलमध्ये आहे, आणि शिंपल्यांच्या तर आणखी काही जातींत सापडलाय. एका जातीच्या शिंपल्यात तर दुसऱ्याच जातीचा कॅन्सर फिरतोय. माणसाला यातून काही होत नाही, हे लिहितो कारण घरी फोनवर पहिला प्रश्न तोच आला.

मी बाईंना म्हटलं, म्हणजे तो पहिला क्लॅम एका अर्थानं अजून जिवंतच आहे. त्या म्हणाल्या, हे पेपरमध्ये लिहू नकोस.

तर मी सूक्ष्मदर्शकावर, बाई शेजारी खातरजमा करायला. १, पसरलेल्या, ०. २, ०. ३, ०. वीसपर्यंत मी एकेक खळगा भक्तिभावानं बघत होतो, पुढे सवय झाली. धिरडी, धिरडी, धिरडी. मधे चहा. मनात हिशेब चालूच होता, आता साठच्या साठ शून्यं येणार आणि मी ते ०.०४६चं वाक्य रिपोर्टात लिहिणार, अगदी शब्दही जुळवून ठेवले होते.

४३ नंबरला मी फोकस दोनदा फिरवला. मला वाटलं लेन्सवर काही आहे. ४३ मला आठवत होता, काल मीच काढलेला, मोठा, कवच स्वच्छ, ओरखडा नाही, चिखलातून काढला तेव्हा मानेनं अशी जोरात पिचकारी मारली होती की बाई हसल्या होत्या. रक्तही पाण्यासारखंच होतं. खळग्यात पसरलेल्या पेशी होत्याच, पण त्यांच्या मधेमधे, वरच्या थरात, गोल गोल दाणे. प्लेटला बोटानं हलकी टिचकी मारली. पसरलेल्या जागच्या जागी राहिल्या. गोल सगळे एका बाजूला सरकले.

बाईंनी खुर्ची ओढली, डोळा लावला, बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, हं. डीएनएची टेस्ट करायला बाजूला काढ.

मी ४३च्या समोर १ लिहिला, पेन्सिलनं. कारणाचा कॉलम रिकामाच ठेवला, कारण तो अजून जिवंत होता, ट्रेमध्ये मान बाहेर काढून पाणी ओढत. बाईंनी पुढची प्लेट सरकवली. ४४, ०.